तिसऱ्या खोलीतला पेशंट

"आत या," आई म्हणाली.

मी स्वयंपाकघराच्या दारातून पुन्हा बाहेरच्या खोलीत आले. तिसऱ्यांदा. पहिल्यांदा मी खाली बघत आले म्हणून मामानं परत पाठवलं होतं. दुसऱ्यांदा आईलाच हसू फुटलं. आता तिनं चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला होता आणि मामाच्या वळणदार अक्षरातला प्रश्नांचा कागद दोन्ही हातांनी समोर धरला होता.

"बसा. तुमचं नाव राहू दे, मला माहीत आहे."

"ताई, अगं नाव विचारायचं असतं. पद्धत असते ती," मामा म्हणाला.

"मीच ठेवलंय नाव. मीच काय विचारू?"

मामानं कपाळावर हात मारला. तो निवृत्त मुख्याध्यापक. बावीस प्रश्न त्यानं काढले होते आणि बाविसांचीही उत्तरं लिहून आणली होती.

"बरं," आईनं आवाज जड केला. ती मला अहोजाहो करायला लागली की माझी पाठ आपोआप ताठ व्हायची. "तुम्हाला डॉक्टर का व्हायचंय?"

"पाच महिन्यांपूर्वी माझे वडील अचानक गेले," मी मामाचं उत्तर म्हणायला लागले. "त्या दिवशी त्यांच्या उशाशी उभं असताना मी ठरवलं की..."

आईनं कागद मांडीवर ठेवला. "पण अर्ज तर तू आधीच भरला होतास. ते असताना."

"ताई, तिथं तारखा कोण बघत बसतंय?"

"अर्जावर तारीख असते की रे."

"मुलाखत म्हणजे दुकानाची काच असते. चांगला माल पुढे मांडायचा. इतक्या पोरांमध्ये असं उत्तर दुसऱ्या कोणाकडे असणार आहे का? हिच्याकडे..." मामा अडखळला. माझ्याकडे काय होतं, त्यासाठी त्याला शब्द सापडेना. त्यानं पाणी प्यायला घेतलं.

"ते काचेत बसण्यातले नव्हते," आई म्हणाली आणि पुढचा प्रश्न शोधायला लागली.

माझं वय सत्तावीस. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. गावोगावच्या नळांच्या, विहिरींच्या बाटल्या येतात, त्यांत काय आहे आणि काय नसायला हवं होतं ते लिहून द्यायचं. वैद्यकीय महाविद्यालयात जाण्याचं वय उलटून गेलं असं सगळ्यांनीच धरलं होतं, मीही. मग दुसरी पदवी असलेल्यांसाठी काही जागा निघाल्या, मी परीक्षा दिली आणि माझ्या आयुष्यातली पहिली मुलाखत ठरली. पत्रात लिहिलं होतं: चार खोल्या, प्रत्येकीत आठ मिनिटं. पहिलीत स्वतःविषयी, दुसरीत एक उतारा वाचून त्यावर चर्चा, चौथीत सर्वसाधारण प्रश्न. तिसऱ्या खोलीत रुग्णाशी संवाद. रुग्णाची भूमिका प्रशिक्षित कलाकार करील.

"चला, तिसरी खोली," मामा उत्साहानं म्हणाला. "मी पेशंट." तो सोफ्यावर आडवा झाला आणि कण्हायला लागला. "डॉक्टर, पाठीत कळ येते हो. डावीकडे येते, उजवीकडे येते, एकदमच येते."

"तुला पेशंटही धड होता येत नाही," आई म्हणाली. "तू जन्मभर रजेच्या अर्जातच आजारी पडलास."

"आज नको," मी म्हणाले.

"आज नको, आज नको करत मुलाखत येईल," मामा उठून बसला. "त्या खोलीचं एकदाही केलं नाहीस तू."

ते खरं होतं. बाकीच्या तीन खोल्या मी रोज करत होते.

बाबा एका मोठ्या सरकारी रुग्णालयात, हाडांच्या विभागात, प्लॅस्टर घालायचे आणि काढायचे. एकतीस वर्षं तेच. पगारपत्रकावर त्यांच्या पदाचं नाव दीड ओळ लांब होतं; रुग्णालयात सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांच्या खोलीला खिडकी नव्हती. एक उंच टेबल, एक मोठं सिंक, कापसाच्या गुंडाळ्या, आणि सगळ्यावर पांढरी पूड. ते घरी आले की आधी भुवया धुवायचे.

दर सहा महिन्यांनी नवे डॉक्टर यायचे. हाडं ते मोठ्या डॉक्टरांकडून शिकायचे, प्लॅस्टर बाबांकडून. बोटांनी दाबायचं नाही, तळव्यानं दाबायचं. बोट रुतलं की आत खळगा पडतो आणि खळग्याखाली जखम होते. लहान मुलांचं प्लॅस्टर काढताना बाबा ते करवतीसारखं यंत्र आधी स्वतःच्या तळहातावर फिरवायचे आणि रडणाऱ्या मुलाला विचारायचे, "कापलं का? नाही ना?" मूल रडायचं थांबून त्यांचा तळहात तपासायचं.

तारीख उलटलेल्या गुंडाळ्या फेकून द्यायच्या असत, त्या ते घरी आणायचे. भिंतीची भेग, बादलीची चीर, सगळ्यावर तोच उपाय. आमच्या घरात एका खुर्चीचा पायसुद्धा सात वर्षं प्लॅस्टरमध्ये होता. आई म्हणायची, "आमच्या घरात मोडलेलं काही फेकत नाहीत. सुट्टी झाली की आपलं आपण चालायला लागेल म्हणतात."

पाच महिन्यांपूर्वी रुग्णालयाच्या जिन्याची शेवटची पायरी त्यांची चुकली. घोटा मुरगळला, सुजला. एक्स-रे काढला; हाड शाबूत होतं. डॉक्टरांनी ताणाची पट्टी बांधायला सांगितली. थोडं थोडं चालत राहा म्हणाले, आठवड्यानं दाखवा म्हणाले. बाबा घरी आले ते मान हलवतच.

"पट्टी म्हणजे पायमोजा. आतली शीर फाटली असेल तर तिला हलू द्यायचं नसतं." त्यांनी कपाटातून गुंडाळ्या काढल्या. "जरा पाणी दे गं. कोमट. चहाचं नको, आंघोळीचंही नको."

आईनं पाणी दिलं. मी जमिनीवर बसले आणि त्यांचा पाय धरला. "काटकोन सोडायचा नाही," ते म्हणाले. गुंडाळी पाण्यात सोडली, बुडबुडे थांबेपर्यंत थांबले, दोन्ही टोकांनी धरून हलकेच पिळली. वाकून वाकून त्यांना धाप लागली होती, पण हात थांबले नाहीत. गुडघ्याखालपासून बोटांच्या मुळांपर्यंत. शेवटी तळव्यानं सगळं गुळगुळीत केलं आणि लांबून बघितलं.

"एक नंबर. परीक्षेला ठेवण्यासारखं."

"डॉक्टर काय म्हणतील?" आईनं विचारलं.

"डॉक्टरांना मीच शिकवलंय."

त्यानंतर ते नऊ दिवस घरी होते. इतके सलग दिवस मी त्यांना कधीच घरात पाहिलं नव्हतं. पाय स्टुलावर, अंगावर बनियन, हातात वर्तमानपत्र. तिसऱ्या दिवशी मुलाखतीचं पत्र आलं. दोन महिन्यांनंतरची तारीख होती, ती पुढे आणखी तीन महिने लांबली. बाबांनी पत्र दोनदा वाचलं आणि तिसऱ्या खोलीपाशी थांबले.

"नट? पेशंट म्हणून नट आणतात?"

"हो."

"मला बोलवा म्हणावं. एकतीस वर्षं बघतोय. असा पेशंट देतो की बसल्या जागी पोरांना घाम फुटेल."

आणि मग रोज संध्याकाळी मी कामावरून आले की आठ मिनिटं. आई गजराचं घड्याळ लावायची. बाबा कधी ऐकू न येणारी आजी व्हायचे, कधी पोराचा हात मोडला म्हणून बायकोवर ओरडणारा बाप, कधी 'मी प्यायलेलो नाही' असं न विचारताच सांगणारा माणूस. आवाज फारसा बदलायचे नाहीत, खांदे बदलायचे. तेवढ्यानं माणूस बदलायचा. मी हसले की ते भूमिकेतूनच दटावायचे, "डॉक्टरीणबाई, माझं दुखतंय आणि तुम्हाला हसू येतंय." शेवटी दहापैकी गुण. पहिल्या दिवशी चार मिळाले. नंतर सहा, सात. मला आठवतं तेव्हापासून आम्ही दोघं इतकं बोललो नव्हतो.

सातव्या दिवशी संध्याकाळी मी विचारलं, "आज कोण?"

"आज एक पाय दुखणारा म्हातारा," ते म्हणाले.

मी खुर्ची ओढून समोर बसले. "नमस्कार. काय त्रास होतोय तुम्हाला?"

"त्रास असा नाही. पोटरी भरून आल्यासारखी वाटते. आतून गरम लागते. प्लॅस्टरमध्ये असंच असतं ना, डॉक्टर?"

"कधीपासून?"

"काल-परवापासून. आणि न्हाणीघरापर्यंत जाऊन आलं की जरा दम लागतो. बसून बसून असंच होतं ना?"

मी पुस्तकात वाचलं होतं: रुग्णाचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगावं, त्याला घाबरवू नये, त्याची भावना ओळखावी. मी थोडी पुढे झुकले. "तुम्हाला काळजी वाटतेय हे मला समजतंय. इतके दिवस एका जागी पाय बांधून बसणं सोपं नाही. पाय उंचावर ठेवा, बोटं हलवत राहा, आणि पुढच्या तपासणीला हे नक्की सांगा."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग घड्याळ वाजलं.

"छान बोललीस," ते म्हणाले. "नऊ."

"एक कुठे गेला?"

"दहा दिले की पोरं बिघडतात."

नवव्या दिवशी सकाळी ते खुर्चीतून उठले, दोन पावलं गेले आणि आईचं नाव घेऊन खाली बसले. त्यांच्याच रुग्णालयात नेलं. पायातल्या रक्ताच्या गुठळीचा तुकडा फुफ्फुसात गेला, असं डॉक्टर म्हणाले. प्लॅस्टरमुळे का, मी विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही, कशानंही होतं. बाबांच्या पायावरचं प्लॅस्टर दुसऱ्या कोणीतरी कापलं. कड वेडीवाकडी आली होती.

बाबा त्या संध्याकाळी अभिनय करत होते. पायाला प्लॅस्टर होतंच, म्हणून त्यांनी पायाचा पेशंट घेतला. हातातल्या वस्तूनं नाटक करावं, तसं. मी हे धरून ठेवलं होतं, आणि त्याच्या आधारानं प्रयोगशाळेत जात होते, जेवत होते, बावीस प्रश्नांची उत्तरं पाठ करत होते.

मुलाखतीला दहा दिवस उरले असताना मी रुग्णालयात गेले. गेल्या वर्षी मी बाबांच्या खोलीत उभी राहून चाळीस तास काम पाहिलं होतं, त्याचा सहीशिक्क्याचा दाखला मुलाखतीच्या दिवशी दाखवायचा होता. हाडांच्या विभागाच्या सिस्टर बाबांच्या बरोबरीच्या, एकाच वर्षी नोकरीला लागलेल्या. त्यांनी दाखला आधीच तयार करून खणात ठेवला होता.

"मास्तरांची पोर," त्या कोणालातरी म्हणाल्या आणि मला स्टूल दिलं. पडद्यापलीकडे यंत्र चालू होतं आणि एक मूल रडत होतं. थांबत नव्हतं. "नवीन माणूस आहे. चांगला आहे, पण घाई फार. तू काय सांगणार आहेस तिथं?"

"माहीत नाही, सिस्टर. मामानं लिहून दिलंय."

"मामा हॉस्पिटलात होता का कधी?"

"अपेंडिक्सला."

त्या हसल्या. मग खणातले कागद सरळ करत म्हणाल्या, "मास्तरांना एकदा मेमो मिळाला होता, माहीत आहे तुला? तू तेव्हा पहिली-दुसरीत असशील. एका नव्या डॉक्टरला त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, साहेब, हा हात असा बांधू नका. डॉक्टरचं बरोबर नव्हतंच. पण वरून कागद आला, कर्मचाऱ्यांनी आपल्या मर्यादेत राहावे. त्यानंतर मास्तरांनी सांगणं सोडलं."

"सोडलं?"

"सांगणं सोडलं. विचारायला लागले. एक लहान मुलगी होती, कोपराला प्लॅस्टर. घरी पाठवत होते तिला. मास्तर म्हणाले, साहेब, बोटं जरा गार लागतायत, असंच असतं ना? लहान डॉक्टर म्हणाला, असंच असतं. मास्तर मोठ्या डॉक्टरांच्या दारात जाऊन उभे राहिले. तेच विचारलं. मोठे डॉक्टर हातातला कप ठेवून पळत आले. प्लॅस्टर तेव्हाच फोडलं म्हणून त्या मुलीचा हात राहिला. आम्ही सगळे ओळखून होतो. 'असंच असतं ना' असं मास्तर म्हणाले की समजायचं, असं नसतं. लगेच जाऊन बघायचं." त्यांनी चष्मा पुसला. "हे सांग तिथं. मामाच्या उत्तरापेक्षा बरं आहे."

मी दाखला नीट घडी घालून पिशवीत ठेवला. त्यांना नमस्कार केला. कामावर परत गेले आणि संध्याकाळपर्यंत अठरा बाटल्या तपासल्या. एकाही आकड्यात चूक केली नाही. दुसऱ्या दिवशी मुद्दाम पुन्हा पडताळून बघितलं.

रविवारी दुपारी आईनं मला मुलाखतीची पँट घालून उभं केलं. आई घरीच शिवणकाम करते. लोकांचे कपडे उसवते, आत घेते, लांब करते. ती माझ्या पायांशी बसून पँटची खालची कड दुमडत होती. तोंडात टाचण्या होत्या.

"आई, मी जाणार नाहीये," मी म्हणाले.

तिनं मान वर करून फक्त भुवया उचलल्या.

मी समोरच्या भिंतीकडे बघत सगळं सांगितलं. सातव्या दिवसाचं नाटक, पोटरी, दम, माझं उत्तर, नऊ गुण. मग सिस्टरनी सांगितलेलं. त्या वेळी आई स्वयंपाकघरात होती. तिनं फक्त घड्याळ लावलं होतं. मला थांबायला जमलं नाही, म्हणून तेच दोनदा सांगितलं.

आईनं तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि मनगटावरच्या उशीत खोचल्या.

"वार कोणता होता?"

"बुधवार."

"बुधवारीच सकाळी मला म्हणाले, पाय जड झालाय, वय झालं की असंच असतं ना. मी कॉलर उलटवत होते. म्हटलं, असंच असतं, माझेही दुखतात." तिनं बोटानं पँटच्या कडेची घडी दाबली. "मला वाटत होतं, मला एकटीलाच विचारलं."

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कोणीतरी "येऊ दे, येऊ दे" म्हणत होतं.

"मेमोचं तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"मीच फाडला होता तो. संध्याकाळी बघते तर हे चिकटवत बसलेले. म्हणे साहेबांची सही आहे, फायलीला लागला पाहिजे." मग तिचा आवाज चढला. पाच महिन्यांत मी तो पहिल्यांदा ऐकला. "एवढी मोठी चार मजली हाडांची इमारत. जन्म काढला तिथं. आणि हा माणूस विचारतोय कुणाला, तर एका शिवणवालीला आणि एका पाणी तपासणारीला. तिथं विचारायचं होतं ना. मोठ्या डॉक्टरांच्या दारात उभं राहायचं होतं. दुसऱ्याच्या पोरीसाठी गेला होता ना उठून? मी गाडी करून दिली असती."

"त्यांनी डॉक्टरांचं न ऐकता घातलं होतं ते. कसे जाणार?"

"हो. आणि ते एक नंबर झालं होतं." आईनं नाक पुसलं. "लाज वाटली असेल."

मी खाली बसायला गेले, तर तिनं माझी पोटरी धरून मला उभंच ठेवलं.

"मी तिथं कशी जाऊ, आई?"

"बसनं."

"आई."

"मग काय सांगू मी? तुझी चूक नाही म्हणू? मला कळत नाही त्यातलं. माझीही नाही म्हणून कोण सांगणार आहे मला? मामा? तो मला एक उत्तर लिहून देईल, बस." तिनं पुन्हा टाचणी उचलली. "मला त्यांनी बायको म्हणून विचारलं. तुला डॉक्टर म्हणून हाक मारून विचारलं. ते तुझं तू बघ. आता हलू नकोस. डावा पाय वर दिसतोय."

ती बराच वेळ टाचण्या लावत राहिली. एकदा लावलेल्या काढून परत लावल्या.

महाविद्यालयाच्या व्हरांड्यात सतरा-अठरा जणं बसली होती, बहुतेक माझ्याहून लहान. एका मुलीच्या वडिलांनी मला सरकून जागा दिली आणि आपुलकीनं विचारलं, "तुमचं कोण आहे आत?"

"मीच आहे," मी म्हणाले.

पहिल्या खोलीत त्यांनी तोच प्रश्न विचारला. मामाचं उत्तर मी दिलं नाही. माझं स्वतःचंही धड जमलं नाही. पाण्याच्या बाटल्यांवर सुरू झालं आणि प्लॅस्टरच्या खोलीत कुठेतरी संपलं. मुलीच्या गार बोटांचं सांगितलं. ते कोणी विचारलं होतं, हे सांगितलं. त्यांच्यापैकी एकजण लिहीत होते, एकजण खिडकीबाहेर बघत होते. दुसऱ्या खोलीतला उतारा सोपा होता.

तिसऱ्या खोलीच्या दारावर सूचना होती: घंटा झाल्यावर कलाकाराशी बोलू नये. लगेच पुढील खोलीकडे जावे. आत कोपऱ्यात परीक्षक बाई मांडीवर तक्ता घेऊन बसल्या होत्या, आणि मधोमध खुर्चीत साठीचा एक किडकिडीत माणूस, स्वेटर घातलेला. त्याची भूमिका अशी होती की तीन तास रांगेत बसवल्यामुळे तो चिडला आहे आणि गोळ्या घ्यायचं त्यानं स्वतःच बंद केलं आहे.

"आला का कोणी शेवटी? मला वाटलं, माझ्या तेराव्यालाच भेटाल," तो म्हणाला. चांगला नट होता. बाबांसारखंच, आवाजानं कमी आणि खांद्यानं जास्त करत होता.

मी त्याला बोलू दिलं. गोळ्या का सोडल्या ते विचारलं. त्याला वाटत होतं, गोळ्यांनी चक्कर येते. कधी येते, कशी येते, उठल्यावर की बसल्यावर, घरी कोणाला सांगितलं का. समजतंय मला, असं मी एकदाही म्हणाले नाही. तोंडात येत होतं, पण म्हणवलं नाही. त्यामुळे माझं बोलणं मलाच कोरडं वाटलं. त्याला शांत करण्यात मला अर्धंच यश आलं. घंटा झाली.

नटाचे खांदे लगेच सैल झाले. तो दुसराच, दमलेला, सभ्य माणूस दिसायला लागला. पुढच्या उमेदवारासाठी खुर्ची सरळ करायला तो उठला, आणि उठताना त्यानं खुर्चीची पाठ धरली आणि एक क्षण तसाच थांबला.

मी दाराशी पोचले होते. दाराची मूठ माझ्या हातात होती.

"तुम्हाला काही होतंय का?" मी विचारलं.

"वेळ संपली आहे," परीक्षक बाई म्हणाल्या.

"मला?" तो म्हणाला. "मी नट आहे हो."

"माहीत आहे. उठताना तुम्ही खुर्ची धरलीत."

"सकाळपासून बसलोय. आखडतात पाय."

मी मूठ सोडली. नटानं एकदा बाईंकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. तो पुन्हा खुर्चीत बसला, दोन्ही पायांवरची पँट गुडघ्यापर्यंत वर ओढली आणि मोजे खाली सरकवले. बाहेर व्हरांड्यात दारं उघडत होती, लागत होती.

मी परत गेले आणि त्याच्यासमोर खाली बसले. दोन्ही पोटऱ्या बारीक होत्या, सारख्याच. घोट्यांवर मोज्याच्या कडेची खूण तेवढी उमटली होती. मी दोन्हींवर हात ठेवून बघितलं. गार होत्या.

"बरे आहेत?" त्यानं विचारलं.

"बरे आहेत. पण मधूनमधून उठून चाला."

"चालतो," तो म्हणाला आणि मोजे वर ओढायला लागला. परीक्षक बाई तक्त्यावर काहीतरी लिहीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

चौथ्या खोलीत मी दोन मिनिटं उशिरा पोचले.